पाना आला नाही

ग्यानबा मिस्त्रीबरोबर बाजारात जाऊ नये, असं आमच्या मोटार कारखान्यातले सगळेच म्हणायचे. मी मात्र जायचो, आणि दर वेळी लाजेनं मान खाली घालून परत यायचो. बीडच्या बाजारात लोखंडी सामानाची दुकानं तेव्हा मोजकीच. त्यातला एकही दुकानदार असा नव्हता, ज्याच्याशी ह्या गृहस्थाचं वाजलं नव्हतं. त्याचं पाऊल पायरीवर पडलं की दुकानदार बसल्या जागेवरून हात जोडायचा. "मिस्त्री, आजच्या दिस माफी द्या. आजून भवानी व्हायचीय."

ग्यानबा ऐकणाऱ्यातला नव्हता. बंडीच्या खिशातून मोटारीचा एक खराखुरा नट काढून तो दुकानदाराच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "पाना दाखवा. ह्याच्या मापाचा."

दुकानदार पाना द्यायचा. ग्यानबा त्याच्या जबड्यात नट बसवून उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. नट आणि जबडा यांच्या फटीतून उजेड दिसला की पाना खाली. "हा पाना न्हाई, भाकरी उलटायचं उलथनं हाय." उजेड दिसला नाही, तर पुढची परीक्षा. पाना गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं. घडीव पाना वाजतो, त्याचा आवाज फरशीवर थोडा वेळ रेंगाळतो. ओतीव पाना थप्पदिशी पडतो आणि गप्प होतो. इतक्यावर भागलं तर ठीक. पण पाना फार चकचकीत असला की ग्यानबाला संशय यायचा. मग तो दुसऱ्या खिशातून कानस काढून पान्याच्या कोपऱ्यावरची चमक खरवडायला लागायचा, आणि इथं दुकानदार ओरडायचा. पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही.

"कावून इतकं बघता ओ मिस्त्री?" मी एकदा विचारलं. "नट फिरल्याशी कारण."

"नट फिरतोच बे डायवर. पण पाना सटकला की नटाचे कोपरे जातेत. एकदा कोपरे गेले की मग त्या नटाला देव बी फिरवू शकत न्हाई." आणि मग डाव्या हाताचा अंगठा दाखवायचा. त्याला नख नव्हतं. शिकाऊ असताना कुणाच्या तरी ओतीव पान्यानं ते नेलं होतं.

निजाम सरकारच्या राज्यात मोटारी तेव्हा नव्याच होत्या. आमच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या. एक बीडहून जालन्याला जायची, ती माझी. दुसरी मोमिनाबादला जायची, मांजरसुंबा, नेकनूर, केज करत. दोन्ही गाड्या नव्या होत्या त्यापेक्षा जुन्या जास्त दिवस राहिल्या, आणि त्यांना चालत्या ठेवणारा एकटा ग्यानबा. मूळचा धर्मापुरीचा, जातीचा लोहार. बाप नांगराचे बोथट फाळ भट्टीत घालून शेवटायचा, धार लावून द्यायचा. हा हैदराबादेला कुणा साहेबाच्या मोटारखान्यात राहून शिकून आला आणि येताना बाकी काही नाही, एक अख्खा पेटारा हत्यारांचा घेऊन आला. पाने, पक्कड, पेचकस, छिन्न्या, हातोडे. एकेक हत्यार बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं, एरंडेलाचा हात फिरवलेलं. त्या पेटाऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावला की ग्यानबा आईबाप काढायचा.

माणसांचीही त्यानं दोनच जातींत वाटणी केली होती, घडीव आणि ओतीव. मालक ओतीव. जकात घेणारा करोडगिरी नाक्यावरचा जमादार ओतीव. मोमिनाबादच्या मोटारीवरचा कंडक्टर बाबूमियाँ घडीव, कारण त्यानं एकदा रस्त्यात पडलेली ह्याची पक्कड उचलून, पुसून परत आणून दिली होती. मी कोण, असं विचारलं की म्हणायचा, "तू आजून भट्टीत हायस." आणि बायको द्वारका? ती घडीव. ह्यात त्याला विचार करावा लागत नसे.

त्याच्या हट्टाची एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत होतो. मालकानं एकदा मोठ्या हौसेनं मखमली पेटीतला पान्यांचा संच आणला. आरशासारखा लखलखीत. कारखान्यात सगळ्यांना बोलावून पेटी उघडली. ग्यानबानं एक पाना उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ओतीव."

"मोडून दाखव," मालक म्हणाले.

ग्यानबानं पाना फरशीवर टाकला. तो मोडला तर नाहीच, छान वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. ग्यानबानं पुन्हा टाकला. पुन्हा वाजला. मग त्यानं तो छपराएवढ्या उंचीवरून टाकला. पान्याला ओरखडासुद्धा नाही. मालक हसायला लागले. ग्यानबाचा चेहरा लालेलाल झाला. त्यानं पाना ऐरणीवर आडवा ठेवला, मोठा घण घेतला आणि घाम निथळेपर्यंत घाव घालत राहिला. शेवटी एकदाचा पाना तुटला. तेव्हा तुकडे मालकापुढं धरून धापा टाकत म्हणाला, "बघा. म्हणलतो का न्हाई?"

मालकानं त्या दिवशी त्याला कामावरून काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, कारण मोटार सुरू होईना. ह्या माणसाचं हे असं होतं. एकदा डोक्यात बसलं की बसलं. चुकला तरी घण घालून ते खरं करायचा. त्याच्यावर हसता यायचं, रागावता यायचं, पण त्याच्या हातानं दुरुस्त झालेल्या मोटारीत घाट उतरताना मला कधी भीती वाटली नाही.

घराच्या बाबतीत मात्र त्याच्या नशिबानं त्याला सारखी हूल दिली. द्वारकेची लेकरं टिकत नव्हती. काही पोटातच गेली, एक पूर्ण दिवसांचं झालं पण रडलंच नाही. त्या लेकराबद्दल ग्यानबा मला एकदाच बोलला, मोटारीखाली उताणा पडून, माझं तोंड त्याला दिसत नसताना. "समदं बराबर होतं डायवर. हात, पाय, नखं. निस्तं रडलं न्हाई." पुढं बराच वेळ त्याचा पाना चालला नाही.

द्वारकेला पुन्हा दिवस गेले तेव्हा पोट दिसायला लागल्यावर लगेच त्यानं तिला माहेरी नेकनूरला धाडलं. तिथं तिची आई होती, भाऊ निवृत्ती होता. सासूवर ग्यानबाचा जीव होता. "ह्या वक्ताला लेकरू रडलं पायजे," एवढंच तो म्हणायचा. देवाचं फारसं न करणारा माणूस, पण कारखान्यात येताना वेशीतल्या मारुतीपुढं थांबायला लागला.

आणि लेकरू रडलं. बाबूमियाँ मोमिनाबादहून परत येताना मोटारीतूनच ओरडत आला, "मिस्त्री! बेटी हुई! ऐसा रोती, पूरे नेकनूर को सुनाई देता!" ग्यानबा मोटारीखालून बाहेर आला आणि तसाच तेलकट हातांनी बाबूमियाँच्या गळ्यात पडला. मग सगळ्या कारखान्याला गूळ वाटला. मालकालाही दिला, आणि त्या दिवशी त्याला ओतीव म्हणाला नाही. संध्याकाळी भट्टी पेटवून पाळण्याच्या कड्या घडायला बसला. मी म्हटलं, आता जा लेकीला बघायला. तर म्हणाला, "सोयर फिटू दे. बारशालाच जातो. आता काय, रडायलीय न्हवं का. रडणारं लेकरू कुटं जात न्हाई."

जाता येत नव्हतं याला दुसरंही एक कारण होतं, आणि ते माझ्याच गाडीचं. तिच्या मागच्या चाकाचा मोठा नट निघत नव्हता. त्या मापाचा ग्यानबाचा पाना झिजलेला. बाजारातला एकही त्याला पसंत पडेना. लातूरच्या एका दुकानात घडीव पाना आहे, असं कळलं म्हणून त्यानं तो मागवला होता. लातूरहून बाजार करत येणारा एक गाडीवान नेकनूरपर्यंतच यायचा. तेव्हा ठरलं असं, की गाडीवानानं पाना नेकनूरला सासूच्या घरी टाकायचा आणि तिथून बाबूमियाँनं आणायचा.

मालक रोज येऊन डोकं खायचे. "छिन्नी लाव, दोन घाव घाल, नट निघतो. गाडी रस्त्यावर आण आणि जा तुझ्या बायकोकडं."

"छिन्नी लावली की नट मेला," ग्यानबा म्हणायचा. "माझ्या हातून व्हायचं न्हाई. पाना येऊ द्या."

मालक चूक सांगत होते असं मी आजही म्हणणार नाही. छिन्नीनं नट निघाला असता, खराब झाला असता, दुसरा टाकता आला असता. पण ग्यानबापुढं बोलणार कोण? गाडी उभी राहिली, तिच्याबरोबर मीही रिकामा. दिवसभर कारखान्यात बाकड्यावर बसून मी त्याची तगमग बघायचो. मोमिनाबादची मोटार आली की तो हात पुसत रस्त्यावर जायचा. "पाना आला का?" कारखान्यात ती थट्टाच होऊन बसली. चहावाला चहा देताना म्हणायचा, "घ्या मिस्त्री, चहा आला, पाना आला न्हाई."

मग एक दिवस बाबूमियाँ उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्हारे ससुराल से निरोप है. बुढ्ढी बोली, पाना नै आया."

ग्यानबानं कपाळाला हात लावला आणि लातूरच्या दुकानदाराला एक शिवी हासडली. "बरं. त्यायला म्हणावं, वाट बघा. येतोय. घाई करू नका."

बाबूमियाँ निरोप पोचवण्यात पक्का. अक्षर इकडचं तिकडं करायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो निरोप नेकनूरला पोचला आणि तिकडून पुढचा आला. "बुढ्ढी रोती थी मिस्त्री. बोली पाना आयाच नै, कुछ करो, जल्दी आओ."

ग्यानबा हसला. असा गदगदून हसला की डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं का डायवर? माझी सासू! जावयाच्या पान्यापाई रडायलीय! अशी सासू कुणाची हाय दाखव." आम्ही सगळे हसलो. "सांग बाबूमियाँ, म्हणावं रडू नका. न्हाई आला तर माझं मी भागवतो. म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका."

त्यानंतर निरोप आला नाही. ग्यानबाला वाटलं, म्हातारीची समजूत पटली.

निवृत्ती आला तो सकाळच्या वक्ताला, कुणाच्या तरी बैलगाडीतून. इतके दिवस तो बैलगाड्या घेऊन बाहेरगावी गेला होता, आदल्या दिवशीच घरी परतला होता. कारखान्याच्या दारात तो उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. ग्यानबानं ते लांबूनच ओळखलं.

"आला!" तो ओरडला. "डायवर, पाना आला!"

निवृत्तीच्या हातून त्यानं ते घेतलं, फडकं सोडलं, खिशातला नट काढून जबड्यात बसवला आणि उजेडाकडे धरला. उजेड दिसला नाही. मग फरशीवर टाकला. पाना वाजला. इतका सुरेख वाजला की चहावालाही वळून बघायला लागला. ग्यानबाचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. "घडीव हाय निवृत्ती! ऐकलं का? घडीव! सासूबाईला म्हणावं, तुमच्या रडण्याचं चीज झालं."

निवृत्ती त्या पान्याकडे बघत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. मग म्हणाला, "मिस्त्री, पोरगी गेली."

"कुटं गेली?" ग्यानबानं विचारलं. हातात पाना तसाच.

"काल गेली. दूधच न्हवतं द्वारकीला. बोळ्यानं शेळीचं पाजलं, ते टिकंना. माय मोटारीवर निरोप धाडत होती, पाना आला न्हाई, पाना आला न्हाई. बीडच्या दवाखान्यात आणायचं तर तुमचा शबुद पायजे होता. तुमी म्हणलात, वाट बघा. तुमी म्हणलात, माझं मी भागवतो." निवृत्तीचा आवाज चिरकला. "कावून असं म्हणलात ओ? आमी काय केलतं तुमचं?"

आमच्या भागात शब्दाच्या मधल्या जोडाक्षरातला ह जिभेवर टिकत नाही. तुम्हीचं तुमी होतं, आम्हीचं आमी होतं. आईच्या अंगावर जो पान्हा येतो, त्याचाही पानाच होतो. गाडीवानानं हत्यार आणून टाकेपर्यंत नेकनूरला त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. त्या म्हातारीनं परक्या माणसाजवळ, तेही पुरुषाजवळ, लेकीच्या छातीचं आणखी उघडं करून काय सांगायचं? जो शब्द बायका वापरतात तो तिनं वापरला. बाबूमियाँला मोटारीतला पाना तेवढा ठाऊक, त्यानं तो जसाच्या तसा आणला. आणि इथं जो ऐकणारा होता, त्याच्या डोक्यात कितीतरी दिवस त्या एकाच शब्दानं ठाण मांडलं होतं. ह्यात दोष कुणाचा काढायचा? मी पुष्कळ विचार केला. मला कुणाचाच काढता आला नाही, आणि म्हणूनच ते आजही सहन होत नाही. दोष कुणाचा असता तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

ग्यानबाला हे उमगायला वेळ लागला. त्याचे ओठ हलत होते. तो शब्द तो मनातल्या मनात दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघत असावा. मग त्यानं हातातला पाना पेटाऱ्यावर ठेवला, हळू, आवाज होऊ न देता, आणि बाबूमियाँकडे बघितलं. बाबूमियाँ भिंतीला टेकून तोंडावर रुमाल धरून रडत होता. "मैं वोइच बोला मिस्त्री, जो बुढ्ढी बोली. अल्ला कसम, वोइच बोला."

"तू बराबर बोलला बे," ग्यानबा म्हणाला. "तू घडीव हायस."

मोमिनाबादच्या मोटारीचा ड्रायव्हर त्या दिवशी तापानं पडला होता, म्हणून मालकानं मला बसवलं. निवृत्ती आणि ग्यानबा पुढं माझ्याजवळ बसले. घाटात, वळणावर, एरवी हा माणूस इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून काहीबाही सुचवायचा. त्या दिवशी मोटारीचा पंखा खडखडत होता तरी त्याला ऐकू आलं नाही. मध्येच म्हणाला, "भूक लागली आसंल तिला." मग बऱ्याच वेळानं पुन्हा तेच म्हणाला. मी रस्त्याकडे बघत राहिलो. मला रडू आवरत नव्हतं आणि मोटारीत सवाऱ्या होत्या.

नेकनूरला मोटार थांबली. निवृत्ती उतरला आणि चालायला लागला. ग्यानबाही उतरला, चार पावलं गेला आणि परत येऊन माझ्या बाजूच्या मडगार्डाला धरून उभा राहिला.

"तिला काय म्हणू डायवर?"

मी म्हटलं, जे झालं ते सांगा. निरोप चुकला म्हणून सांगा.

"कसं सांगू? म्हणू, मला वाटलं नटाचा पाना? ती उपाशी लेकरू मांडीवर घेऊन बसलती, आन् मी हिकडं नटाच्या पान्याची वाट बघत होतो, असं म्हणू?"

मागून सवाऱ्या ओरडत होत्या. त्याला तिथं सोडून मला पुढं जावं लागलं.

मोमिनाबादहून परत आलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ग्यानबा त्याच जागी उभा होता. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, डोक्याला फडकंही नाही. गावातली माणसं लांब उभी राहून बघत होती. सासू त्याच्या मनगटाला धरून ओढत होती. आणि तो हलत नव्हता. म्हातारीच्या तोंडावर राग नव्हता. निवृत्तीनं घरी सगळं सांगितलं असावं. मी मोटार थांबवली तशी ती माझ्याकडेच वळली.

"सांगा ओ डायवरसाब ह्यायला! पोरगी गेली ती गेली. पर द्वारकी तिकडं वरडायलीय. आज सकाळधरनं अंगावर आलंय तिच्या. छाती दगड झालीया, हात लावू देईना. सारकी ह्यायचंच नाव घ्यायलीय. म्या एकली काय करू?"

ग्यानबानं सासूकडे बघितलं. "आज आला?" त्यानं विचारलं. तो शब्द त्यानं तोंडी घेतला नाही.

म्हातारीनं मान हलवली आणि पदर तोंडात कोंबला.

तो खाली बसला. रस्त्यावर, धुळीत, मोटारीच्या अगदी पुढं. मी उतरून त्याच्या खांद्याला हात लावला. त्याचं अंग उन्हानं भाजून निघालं होतं. एवढ्यात गल्लीतून बाईचा आवाज आला. रडणं नव्हतं ते, दुखण्याचं ओरडणं होतं. ग्यानबानं डोकं वर केलं. मग दोन्ही हात जमिनीला टेकून तो उठला, धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"मालकाला काय सांगू?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"काई सांगू नको," तो म्हणाला. "निरोप नको धाडू कुणाला. मीच जातो." आणि सासूला मागं टाकून तो गल्लीत शिरला.